रावलच्या त्या अनोळखी माणसांना

राधाष्टमीला आईला घेऊन रावलला गेलो होतो. मथुरेजवळ, यमुनेकाठचं हे छोटं गाव. राधेचे वडील वृषभानू यांना राधाराणी कमळात सापडली ती इथेच, अशी श्रद्धा. बहुतेक यात्रेकरू राधेचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेल्या बरसान्याला जातात, पण आईला जन्मस्थानच पाहायचं होतं.

भाद्रपदातला तो उकाडा, त्यात गर्दी. रांगेतच आईला भोवळ आली. मागच्या एका मावशींनी तिला पडता पडता सावरलं आणि सरळ आपल्या घरी नेलं. अंगणात खाटेवर निजवलं, ताक पाजलं. त्यांच्या सुनेनं तासभर पंख्यानं वारा घातला. स्वतःच्या घरी उत्सव असताना! एका मुलानं ई-रिक्षातून आम्हाला डॉक्टरांकडे नेलं, परत आणलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. म्हणाला, “लाडलीजींच्या (म्हणजे राधाराणीच्या) गावात पाहुण्यांकडून भाडं नाही घेत.” संध्याकाळी त्याच मावशींनी आईचा हात धरून दर्शन घडवलं.

नावं विचारायची राहिलीच. निघताना सगळे फक्त ‘राधे राधे’ म्हणाले. आई आता ठणठणीत आहे. मावशी, ताई, दादा, तुमचे मनापासून आभार. आई रोज दिवा लावताना तुमची आठवण काढते.