शिबिर कुणाचे, यंत्र कुणाचे?

संपादक, स. न. वि. वि.

दर ऑक्टोबरमध्ये आपल्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावर लेख असतो. ‘चाळिशी उलटली की दरवर्षी मॅमोग्राफी करा’, म्हणजे स्तनाची एक्स-रे तपासणी करा, हा सल्ला त्यात ठरलेला. लेखाखाली डॉक्टरांचे नाव आणि पदवी असते, पण मॅमोग्राफीचे यंत्र त्यांच्याच सेंटरमध्ये आहे का, हे कुठेच नसते.

माझ्या धाकट्या जावेने महिला मंडळाच्या शिबिरात सवलतीच्या दरात ही तपासणी केली. वय ४४, गाठ नाही, दुखणे नाही. रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद सावली’ आली. पुढे सोनोग्राफी, बायोप्सी, सगळे त्याच सेंटरमध्ये आणि पूर्ण दराने. रिपोर्ट येईपर्यंतच्या अकरा दिवसांत तिने दागिन्यांची यादी करून मुलीच्या हाती दिली होती. काही निघाले नाही, घरात पेढे वाटले. शिबिराचा खर्च त्या सेंटरनेच केला होता, हे नंतर कळले.

त्रास नसताना मॅमोग्राफी करावी का, हा वाद जुना आहे. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या, डेन्मार्कमधील नॉर्डिक कॉक्रेन केंद्राच्या २०१३च्या आढाव्यानुसार २,००० स्त्रियांना दहा वर्षे तपासणीला बोलावले तर स्तनाच्या कर्करोगाने होणारा एक मृत्यू टळतो, दहा निरोगी स्त्रियांवर विनाकारण कर्करोगाचे उपचार होतात आणि दोनशेहून अधिक जणी खोट्या धास्तीत दिवस काढतात. ते विनाकारण उपचार म्हणजे जन्मभर त्रास दिला नसता अशा गाठीसाठी शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने २०१२मध्ये तपासणी चालू ठेवावी असेच सांगितले, पण एका वाचलेल्या जीवामागे तिघींवर अनावश्यक उपचार होतात हेही स्पष्ट लिहिले. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कार्यदलाने २०२४मध्ये चाळिशीपासून तपासणी सुचवली, तीसुद्धा वर्षाआड. मग आपल्याकडे ‘दरवर्षी’ कुठून आले?

मुंबईत तर टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. यंत्र नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचे. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात तसा ठोस फरक दिसला नाही. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपल्या पुरवणीत मला तरी याचा उल्लेख आढळला नाही. हाताने तपासणाऱ्या सेविकेसाठी जाहिरात कोण देणार?

खुद्द हा ऑक्टोबरचा ‘जागृती महिना’ १९८५मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीने एका औषध कंपनीने सुरू केला. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध तिचेच. त्या औषधाने पुष्कळ स्त्रियांना जीवदान दिले, त्याबद्दल वाद नाही. पण सांगणाऱ्याचे हितसंबंध काय, हे ऐकणारीला कळायला हवे.

हाताला गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले किंवा कातडी ओढल्यासारखी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तिथे बहुधा मॅमोग्राफी लागते, आणि तिला माझा विरोध नाही. मी बोलते आहे ते काहीही त्रास नसलेल्या बाईला घाबरवून रांगेत उभे करण्याबद्दल.

म्हणून विनंती अशी की, अशा प्रत्येक लेखाखाली दोन ओळी छापाव्यात: लेखकाचा कोणत्याही तपासणी केंद्रात वाटा आहे का, आणि त्या पानासाठी कुणी पैसे मोजले आहेत का. येत्या ऑक्टोबरपासूनच सुरुवात व्हावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज