खाली बसवलेली गाडी आणि अलाइनमेंट

महोदय,

नाशिकमध्ये स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवण्याची आणि बाहेरची अलॉय चाके लावण्याची हौस दिसते. परंतु त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) अपरिहार्य असते, हे पुतण्याला गाडी देताना दुकानदाराने सांगितलेच नाही. त्याचे टायर बाहेरून नव्यासारखे दिसत होते; चाक उतरवून आतल्या कडेवरून हात फिरवला, तेव्हा बोटांना तारा टोचल्या.

गाडी खाली आली की बहुतेक वेळा चाके वरच्या बाजूने आत कलतात (हा कल म्हणजे कॅम्बर) आणि टोही (वरून पाहता चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळली आहे ते) बदलतो. माझ्या मते टायर खाण्यात टोचाच वाटा मोठा. म्हणून नव्या स्प्रिंग बसल्यावर आधी कॅम्बर आणि मगच टो लावून घ्यावा. अनेक गाड्यांत कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. तिथे वेगळे बोल्ट लागतात.

चाक घेताना केवळ पीसीडी (बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास) पाहू नये. त्याच रुंदीच्या चाकाचा ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून ते गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर, मिलिमीटरमध्ये) ४५ ऐवजी ३५ असेल, तर ते १० मिलिमीटर बाहेर येते आणि आधीच खाली आलेल्या गाडीत मडगार्डला घासू शकते. मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत, याची कल्पना दुकानदारांनी ग्राहकाला पैसे घेण्यापूर्वी द्यावी.

– एक वाचक, सातपूर, नाशिक