मैदान आखायला धाकटीला हात द्या

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

धाकटीनं शाळेच्या मुलींची सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखा खेळ) टीम हातात घेतल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय, ते फोनवर कळलं. बाबा, "दोन वर्षं झाली, एक कप तरी आणलास काय?" असं तिला विचारू नका. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या टीमला माइक कँड्रिया १९८६ पासून शिकवत होते. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९१ ला, म्हणजे सहाव्या मोसमात. २०२१ ला निवृत्त झाले तेव्हा ८ विजेतेपदं आणि १६७४ विजय नावावर होते. २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांच्या अमेरिकन टीमनं ५१ रन काढले, दिला फक्त १. सोनं मिळालं. पण एवढ्या मोठ्या कोचचीही टीम २००८ ला बीजिंगच्या फायनलला जपानकडून ३-१ अशी हरली.

धाकटीला आत्ता गरज आहे ती नीट आखलेल्या मैदानाची, आणि बाबा, ते तुमच्यासारख्या गवंड्याचंच काम. होम प्लेटच्या (बॅटिंग करतात ती जागा) मागच्या टोकाला खुंटी मारा. तिथून सरळ ८४ फूट सव्वादहा इंचांवर दुसरी, तो सेकंड बेस, म्हणजे धावताना गाठायचा दुसरा टप्पा. दोन्ही खुंट्यांपासून ६०-६० फूट धरा. उजवीकडे जुळेल तिथं फर्स्ट, डावीकडे थर्ड. होमपासून मधल्या रेषेवर ४३ फुटांवर पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पोरीची, पट्टी. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, तेव्हा टेपनंच मापा. पट्टी तीन फूट जरी पुढं आली तरी सराव वाया जातो, मॅचला बॉल प्लेटच्या आधीच खाली बसतो. रेषांना फक्की वापरा, चुना नको. पोरी घसरतात, कातडी भाजते.

पिचरचा हात अंगालगत पूर्ण गोल फिरतो नि बॉल मांडीजवळ सुटतो. उशिरा सुटला की वर जातो, लवकर सुटला की जमिनीत. हात अंगापासून लांब गेला की बाजूला. नव्या पोरींना आधी १५ फुटांवरून नुसत्या मनगटानं टाकू दे, मग अर्धा गोल, शेवटी पूर्ण. एकदम पूर्ण गोलावर जायची घाई बरेच कोच करतात आणि पोरींचे खांदे दुखावतात.

आई, खानापूरकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. ग्लोव्ह भिजून आला तर चुलीजवळ ठेवू नको, चामडं कडक होऊन चिरतं. फडक्यानं टिपून, मध्ये बॉल घालून सावलीत वाळव.

बाबा, लाल माती वाफशावर आली की आखणी करा. फार वाळली तर खुंटी बसत नाही.

तुमची,
थोरली