फॉर्मेट मारण्याआधी बाण बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या मोबाइलविषयी नेहमी छापून येते. आमच्या घरी मात्र २०१० साली घेतलेला, विंडोज सेव्हनवर चालणारा कॉम्प्युटर अजून रोज सुरू होतो. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत असे कॉम्प्युटर असतील. त्यांच्यासाठी हे पत्र.

आमच्या वन्सं ८१ वर्षांच्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही आणि बारीक मराठी अक्षरेही आता दिसत नाहीत. जुने फोटो बघायची मात्र फार हौस. डेस्कटॉपवर सगळे फोल्डर सारखेच पिवळे, त्यामुळे दर वेळी मला हाक मारावी लागे. म्हणून मी प्रत्येक अल्बमच्या शॉर्टकटला (म्हणजे फोल्डरकडे नेणाऱ्या डेस्कटॉपवरच्या खुणेला) वेगळे चित्र लावले. शॉर्टकटवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज आणि तिथे चेंज आयकॉन, एवढेच करायचे असते. लग्नाच्या फोटोंना मुंडावळ्या, गणपतीच्या फोटोंना मोदक, मामंजींच्या फोटोंना पगडी, आणि ह्यांनी १९८४च्या आगीआधी काढलेल्या राजवाड्याच्या फोटोंना राजवाड्याचा दरवाजा. असे सहा अल्बम झाले. साध्या जेपीजी फोटोचे नुसते नाव बदलून आयकॉन होत नाही, तो आयसीओ प्रकारात साठवावा लागतो. इरफानव्ह्यू या मोफत प्रोग्रॅममध्ये ते जमते. मग कंट्रोलचे बटण धरून माउसचे चाक फिरवले आणि चित्रे तळहाताएवढी केली. त्या दिवशी वन्संनी स्वतः मोदकावर दोनदा टिचकी मारली आणि फोटो उघडल्यावर माझा हात धरून बसल्या.

गेल्या महिन्यात एका सकाळी ही सहाही चित्रे नाहीशी झाली. वन्सं रडवेल्या झाल्या. घरी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटेही न बघता सांगितले, "माताजी, वायरस है, फॉर्मेट मारना पड़ेगा." भेटीचे चारशे रुपये घेतले, ते मी दिले. पण ह्यांनी शेवटच्या दोन वर्षांत टाइप केलेल्या आठवणी त्याच कॉम्प्युटरच्या डॉक्युमेंट्समध्ये आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही. फॉर्मेट केले की डिस्कवरचे सगळे पुसले जाते, म्हणून मी हात लावू दिला नाही.

तो गेल्यावर काय गेले आणि काय राहिले हे वहीत लिहून काढले. पाककृती होत्या, घरखर्चाचा हिशेब होता, ह्यांच्या आठवणी होत्या. गेलेले सहाही शॉर्टकट बाहेरच्या हार्ड डिस्कवरच्या फोटोंचे होते, आणि ती डिस्क तीन आठवड्यांपासून पुतण्याकडे होती! भाच्याला फोन केला तेव्हा कारण कळले. विंडोज सेव्हन आठवड्यातून एकदा आपणहून देखभाल करते. ज्या शॉर्टकटांचा मूळ पत्ता सापडत नाही, असे चारांपेक्षा जास्त डेस्कटॉपवर असले तर ते मोडके समजून काढून टाकते. आमचे सहा होते. डिस्क परत आली, फोटो सगळे जागच्या जागी.

ही आपोआप सफाई बंद करता येते. कंट्रोल पॅनेलमधल्या ट्रबलशूटिंगमध्ये जाऊन चेंज सेटिंग्ज उघडावे आणि कॉम्प्युटर मेंटेनन्स ऑफ करावे. त्याआधीच्या विंडोज एक्सपीवाल्यांकडे दर साठ दिवसांनी न वापरलेले शॉर्टकट हलवायचे का असे विचारणारा वेगळा प्रकार असतो. तिथे हो म्हटले तर ते एका फोल्डरमध्ये जातात, नाहीसे होत नाहीत. आयकॉनची चित्रे कॉम्प्युटरच्याच डिस्कवर ठेवावीत. मी आधी ती पेन ड्राइव्हवर ठेवली होती, तो काढला की मोदकाच्या जागी कोरा पांढरा कागद दिसे. सगळीच चित्रे पांढरी पडली तर बहुधा आयकॉनकॅश नावाची लपलेली फाइल बिघडलेली असते. ती काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की नवी तयार होते.

आणि आयकॉनच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे का ते बघावे. बाण असला तर ती फक्त वाट आहे, वस्तू दुसरीकडे आहे. तो आयकॉन गेला म्हणून फाइल जात नाही. बाण नसलेला फोल्डर मात्र खुद्द फोल्डर असतो, तो पुसला की आतले सगळे जाते. एवढे आमच्या पिढीला कोणी शांतपणे सांगितले असते तर किती घरांतले फोटो वाचले असते.

विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेची अपडेट्स मिळत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून आमचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नाही. फोटो बघायला आणि लिहायला त्याची गरजही पडत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: फॉर्मेट करण्याआधी काय बिघडले ते पावतीवर लिहून द्या, आणि घरच्यांना विचारून त्यांच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. आपणही पुरवणीत महिन्यातून एक चौकट जुन्या कॉम्प्युटरसाठी ठेवावी. पहिल्या चौकटीत तो बाण मोठा करून छापावा, वन्संना दिसेल एवढा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर