समोरचे

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला जमणार नाही म्हणून लिहितेय. परवा बाबा तुम्ही म्हणालात ना, समोरच्यांनी गिऱ्हाईक तोडलं म्हणून आपलं पुस्तकांचं दुकान बसलं, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि तुमचा जावई शेजारीच बसला होता. काही बोलला नाही तो, उठून गॅलरीत गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली पण आपल्या घरात ते अजून "समोरचे"च.

मी पण तसंच म्हणायचे हो. अकरावीत असताना, 2001 च्या जुलैत, आपल्या इंदूरच्या खजूरी बाजारात पाय ठेवायला जागा नसायची तेव्हा मी आपल्या फळीवर खडूने 10 टक्के सूट लिहिलं की अर्ध्या तासात समोर 12 व्हायचं, मग मी 15 केलं आणि तुमची बोलणी खाल्ली. त्याचा इतका राग यायचा मला की त्यांच्याकडची वही घेऊन कुणी आपल्याकडे कव्हर मागायला आलं तर मी सरळ नाही म्हणायचे.

पण बाबा, त्याच महिन्यातली एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. नववीचं गणित आपल्याकडे संपलं होतं, तुम्ही माल आणायला गेला होतात, एक बाई मुलीला घेऊन भर पावसात तिसऱ्यांदा आल्या आणि मी पुन्हा नाही म्हटल्यावर ती मुलगी दुकानातच रडायला लागली. पाच मिनिटांत हा, तुमचा जावई, समोरून रस्ता ओलांडून आला, शर्टाखाली गठ्ठा धरलेला, 20 पुस्तकं, स्वतः चिंब पण एका पुस्तकाचा कोपरा ओला नाही. म्हणाला, आमच्या खरेदीच्या भावातच घे, पैसे विकल्यावर दे. सुतळीची गाठ सुटेना तर दातांनी सोडवली त्याने, बोटांवर लाल वळ उठलेले होते. मी थँक्यू पण म्हटलं नाही. तुम्हाला सांगितलं होलसेलवाल्याचा मुलगा देऊन गेला, ते खोटं होतं.

आणि दिवाळी अंक मागायला कुणी त्यांच्याकडे गेलं की हा आपल्याकडे बोट दाखवायचा, ते तर मला खूप नंतर कळलं. तो गठ्ठा आल्यापासूनच माझं भांडणात मन लागेना. मग एकदा रात्री सराफ्यात, सोन्याची दुकानं बंद होऊन ठेले लागले होते, भुट्ट्याच्या किसाच्या गर्दीत तो दिसला आणि मी स्वतःहून बोलले. आई, मैत्रिणीबरोबर गेले होते हे खरं होतं, पण परत येताना तासभर आम्ही दोघंच राजवाड्यासमोर उभे होतो.

बाबा, दुकान त्यांच्यामुळे नाही बसलं. शाळाच आता पुस्तकांचे संच देतात आणि उरलेलं लोक मोबाईलवर मागवतात. समोरही तेच चाललंय, सासरे दुपारी गल्ल्यावर एकटेच बसलेले असतात. तुम्हाला ते दिसतं, मला माहितीये, तुम्ही रोज त्यांच्याकडे बघतच तर बसता.

अजून एक. माळ्यावर जुन्या ग्लोबच्या खोक्यामागे निळी ताडपत्री आहे, ती आपली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी रंगपंचमीला गेरची मिरवणूक आली तेव्हा टँकरच्या मोटारीने उडवलेलं रंगाचं पाणी आपल्या शटरखालून आत येत होतं, तुम्ही तापाने घरी पडलेले, तेव्हा त्याने त्यांच्या मालावरची काढून आपल्या गठ्ठ्यांवर टाकली. त्यांच्या दोन बंडल वह्या गुलाबी झाल्या आणि घरी मार खाल्ला त्याने. परत द्यायची माझ्याकडून राहूनच गेली.

यंदा रंगपंचमीला आम्ही दोघं येतोय. त्याच्या आधी ती ताडपत्री तुम्हीच नेऊन द्या बाबा. सासऱ्यांना गुडघ्यामुळे आता रस्ता ओलांडवत नाही. आई, चहा पण समोरच पाठव, दोन कप.

तुमची,
ताई