आई, टाके विरघळतात, पण व्रण राहतो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "दोन झाली, तिसरंही होऊ दे. सिझर तर सिझर, कळा तरी सोसाव्या लागत नाहीत." मी विषय बदलला. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या वेळी मी जागी होते. कमरेखाली बधिर, तोंडासमोर हिरवा पडदा, वर भिंतीवरचं घड्याळ. थोरली काही मिनिटांत रडली होती. या वेळी काटा सरकत राहिला आणि पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "मूत्राशय चिकटलंय, सावकाश." बाहेर तुम्हाला 'दोघी सुखरूप' एवढंच कळलं. नंतर डॉक्टर माझ्याशी बोलल्या. व्रणाच्या जागी गर्भाची पिशवी इतकी पातळ झाली होती, की आतले बाळाचे केस दिसत होते.

पुढच्या खेपेला बाळाला पोसणारी वार नेमकी त्या व्रणावर आली, तर ती पिशवीच्या भिंतीत रुतते, कधी पार मूत्राशयापर्यंत. मग ती आपसूक सुटत नाही. सोडवायला गेलं की रक्त थांबत नाही, आणि जीव वाचवायला पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. २००६ मध्ये अमेरिकेत तीस हजारांवर सिझरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असलेल्या बायकांत ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरला शंभरात ३, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४० निघालं. वार खाली येणं रोजचं नाही, तिसरं सिझर नीट पार पडलेल्या बायकाही खूप आहेत. पण माझ्या पिशवीची अवस्था ऐकल्यावर, घरात दोन लेकरं असताना, मला हे करवत नाही.

तिसरं मलाही हवं होतं, आई. धाकटीची झबली अजून कुणाला दिलेली नाहीत.

आणि बाबा, वहिनीच्या सिझरसाठी तुम्ही तारीख बघताय असं कळलं. जरा थांबा. तिचं पहिलं बाळ पायाळू होतं म्हणून सिझर झालं. ते कारण या वेळी नसेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. असा प्रयत्न केलेल्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींची नॉर्मल होते. जुना व्रण उसवण्याचा धोका शंभरात एकाहून कमी, पण तो खरा आहे, म्हणून रक्त आणि ऑपरेशनची सोय चोवीस तास असेल तिथेच. त्याआधी पिशवीवरचा काप आडवा होता की उभा, हे कळायला हवं. पोटावरच्या खुणेवरून ते समजत नाही, ऑपरेशनच्या कागदांत असतं. वहिनीची जुनी फाइल तुमच्याच कपाटात आहे. तेवढी शोधून तिच्या हाती द्या.

तुमची लेक