धुराची तपासणी होते, ब्रेकचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीसाठी कोकणात उतरणाऱ्या खासगी मोटारींची गर्दी लवकरच सुरू होईल, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट निम्मा उतरल्यावर आमच्या गाडीचे ब्रेक पेडल एकाएकी मऊ पडले आणि जळका वास येऊ लागला. पहिल्या गिअरमध्ये गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक जणू काही झालेच नव्हते असे लागू लागले, आणि माणूस फसतो तो नेमका इथेच. चिपळूणच्या मेकॅनिकने झाकण उघडून दाखवलेले ब्रेक ऑइल चहाच्या कोऱ्या काढ्यासारखे काळपट होते. सर्व्हिसिंग मात्र दरवर्षी वेळेवर झालेले होते.

हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांची आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास ती उष्णता तेलापर्यंत पोहोचते, तेलाची वाफ होते, आणि वाफ दबत असल्याने पेडल खाली जाते, पण जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे, आणि घाट ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही खरा आहे.

बाकीच्या खुणा गाडी आधीपासून देत असते. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला (चाकासोबत फिरणारी तबकडी, म्हणजे डिस्क, आवळून धरणाऱ्या तुकड्याला) पत्र्याची एक पट्टी असते; पॅड झिजले की ती डिस्कला घासून किरकिरते (आपण तेव्हा गाण्यांचा आवाज वाढवतो). ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे याही तशाच खुणा. सिग्नलला दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर ती गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये.

सस्पेन्शनकडे तर आपण केवळ आरामाची बाब म्हणून पाहतो, आणि प्रत्येक खडखडाट खड्ड्यांच्या माथी मारतो. खड्डे आहेतच, पण शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाला की चाक रस्त्याला नीट टेकून राहत नाही आणि ब्रेक उत्तम असूनही गाडी उशिरा थांबते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी डोलत राहणे, ब्रेक लावताच नाक खाली घालणे, शॉक अॅब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसणे, टायर लाटांसारखा झिजणे, यांपैकी काहीही आढळले तर गाडी लिफ्टवर घेऊन बुश (सांध्यांतील रबरी भाग) आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचे फिरते सांधे) यांसह सारे तपासून घ्यावे.

व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली की १५ वर्षे अशी सक्तीची चाचणीच नाही. या काळात नियमाने तपासला जातो तो फक्त धूर. परिवहन विभागाने पीयूसीच्या वेळीच ब्रेक ऑइलमधील ओलावा मोजून त्याची नोंद प्रमाणपत्रावर करण्याचा विचार करावा. त्यासाठीचे उपकरण पेनाएवढे असते आणि चाचणीला मिनिटभर पुरतो.

– एक वाचक, कराड